जांबोटीचा पाऊस ९० किलोमीटर उंचीवर पोचतो का?

खानापूर तालुक्यातल्या एका एमएस्सी फिजिक्सच्या विद्यार्थ्यानं तीन प्रश्न विचारलेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जे रडार आहे ते ८०-९० किलोमीटरवरचा वारा मोजतं म्हणतात. पण एवढ्या वर हवाच नाही, तर वारा कसला? आपल्या जांबोटी-आमगाव भागात पावसाळ्यात आभाळ फाटल्यागत पाऊस पडतो, त्याचा काही परिणाम तिथवर जातो का? आणि बेळगावात राहून, रडार हाताशी नसताना, या विषयावर प्रोजेक्ट होईल का?

तिसऱ्याचं उत्तर होय, आणि चांगला होईल. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण परिणाम जातो, पण तुम्ही समजता त्या वाटेनं नाही. पहिला प्रश्न आधी घेऊ, तो लवकर मिटतो.

९० किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या हवेच्या साधारण साडेतीन लाखांव्या हिश्शाइतकी विरळ असते. ऐकायला हे ‘हवाच नाही’ असं वाटतं, पण त्या विरळ हवेच्याही एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ७० लाख कोटी रेणू असतात. एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी दोन-तीन सेंटीमीटर जातो. आपण ज्या लाटा मोजतो त्यांची लांबी किलोमीटरमध्ये, म्हणजे त्या लाटांच्या हिशेबानं ती हवा आपल्या अंगणातल्या हवेसारखीच सलग वाहते. वाहते म्हणजे कशी? ताशी १०० ते २०० किलोमीटर हा तिथला रोजचा वेग. फक्त तुम्ही तिथं उभे असता तर तो अंगाला लागला नसता, इतकं तिचं वजन कमी.

अडचण मोजण्याची होती. बलून ३५ किलोमीटरच्या आसपास फुटतो. उपग्रह दीडशे-दोनशे किलोमीटरच्या खाली टिकत नाही. मधल्या पट्ट्यात रॉकेट जातं, पण काही मिनिटांपुरतं. केरळातल्या थुंबाहून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातलं पहिलं रॉकेट उडालं ते याच कामासाठी होतं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. त्यानं संध्याकाळच्या आभाळात सोडियमची वाफ सोडली, आणि तो नारिंगी ढग कसा वाकडातिकडा होत जातो याचे फोटो घेऊन वरचा वारा काढायचा होता. पद्धत सुंदर, पण एका संध्याकाळचं एकच चित्र हाती लागतं. लाट ओळखायची तर तास, दिवस, महिने सतत बघत राहावं लागतं, आणि ते रडारशिवाय होत नाही.

कोल्हापूरचं रडार भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं आहे, १९९९ मध्ये सुरू झालेलं. तिरुनेलवेलीला त्याचं थोरलं भावंड १९९२ पासून. दोन्ही १.९८ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे रेडिओ लहरीची लांबी दीडशे मीटर. विमानतळावरच्या रडारसारखी फिरणारी थाळी इथं नसते. खांबांवर ताणलेल्या तारांचे डायपोल (साधे अँटेना) असतात, आणि नवख्या माणसाला ते कपडे वाळत घालायचं मैदान वाटतं. ६० ते ९० किलोमीटरच्या थरात सूर्याच्या अतिनील किरणांनी थोडे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. जिथं दाटी कमी-जास्त होते तिथून रेडिओ लहरीचा अगदी क्षीण अंश परत येतो. या उंचीवर इलेक्ट्रॉन स्वतःच्या मर्जीनं हलत नाहीत, हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी हवेबरोबर वाहतात. म्हणून त्यांचा माग काढला की वारा कळतो.

माग काढायची रीत अशी. खाली त्रिकोणात तीन रिसीव्हर ठेवतात. शेतावरून ढगाची सावली सरकते ती आधी एका बांधावर येते, मग दुसऱ्या. दोन्हींमधल्या वेळेवरून सावलीचा वेग काढता येतो. परत आलेल्या लहरींची कमी-जास्त तीव्रता जमिनीवर अशीच सरकत जाते आणि तीन रिसीव्हर ती थोड्या थोड्या वेळानं टिपतात. फरक एवढाच, की इथं दिवा (म्हणजे ट्रान्समीटर) जमिनीवरच असल्यामुळं खालचा नमुना वाऱ्याच्या दुप्पट वेगानं सरकतो, म्हणून शेवटी दोननं भागावं लागतं. शिवाय नमुना सरकता सरकता आकारही बदलतो, आणि तो बदल वजा केला नाही तर वेग उगाच मोठा येतो. तीन रिसीव्हरांची ही कल्पना केंब्रिजला एस. एन. मित्रा यांनी वापरून १९४९ मध्ये छापली. आकार बदलण्याची दुरुस्ती करणारं गणित ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, त्याच सुमाराचं. आजही सॉफ्टवेअरच्या पोटात तेच आहे.

गडंकीचं एमएसटी रडार वेगळ्या जातीचं. तिरुपतीजवळ, ५३ मेगाहर्ट्झ, १०२४ यागी अँटेना, अडीच मेगावॅटचा स्पंद (पल्स). ते डॉप्लरनं, म्हणजे परत आलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली त्यावरून, वारा काढतं आणि २० किलोमीटरपर्यंतची हवा फार बारकाईनं दाखवतं. ६० ते ८५ किलोमीटरमध्ये मात्र त्याला दिवसाच आणि तेही तुकड्या-तुकड्यांतच प्रतिध्वनी मिळतो. सलग महिनोन्‌महिने ८०-९८ किलोमीटरचा वारा पाहिजे असेल तर कोल्हापूरसारखं रडार किंवा उल्कारडार बरं. थुंबाला २००४ पासून असं उल्कारडार आहे; उल्का जळताना मागं राहिलेला आयनांचा पट्टा वाऱ्याबरोबर कसा सरकतो ते बघायचं.

प्रोजेक्टसाठी या नोंदी कधी हातात आल्या, तर प्रत्येक आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी उमेदवारांना हेच आधी विचारायचो: हा आकडा कुठल्या उंचीचा आणि किती वाजताचा? रात्री खालचे इलेक्ट्रॉन नाहीसे होतात, म्हणून ६०-७५ किलोमीटरचे आकडे फक्त दिवसाचे असतात. अर्ध्या दिवसाच्या आकड्यांवर २४ तासांची लाट बसवली की ती बसते, आणि खोटी असते. ९५ किलोमीटरच्या वर दोन भानगडी होतात. एक तर रेडिओ लहर दाट इलेक्ट्रॉनमधून जाताना मंदावते आणि उंची आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. दुसरं, तिथं इलेक्ट्रॉन हवेपेक्षा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं ऐकायला लागतात, म्हणजे मोजलेला वेग वाऱ्याचाच आहे याची खात्री राहत नाही. तिरुनेलवेलीवरून तर विषुववृत्तीय विद्युतप्रवाह वाहतो, तिथं हा धोका आणखी मोठा. आणि ९० किलोमीटरच्या वर या जातीचं रडार उल्कारडारपेक्षा वारा कमी दाखवतं, हे जगभर दिसलेलं आहे. आलेखावर २ किलोमीटरच्या पायऱ्या असल्या तरी रेडिओचा स्पंदच चार-पाच किलोमीटर लांब असतो. त्यापेक्षा बारीक तपशील तिथं शोधू नये.

पावसाची आणखी एक गंमत. विजेच्या प्रत्येक लखलखाटातून २ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सुटतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये वळीव नेमका जोरात असतो, त्याच संध्याकाळच्या नोंदी सगळ्यात जास्त गाळाव्या लागतात.

आता तुमचा खरा प्रश्न. खालचं वरती जातं ते लाटांच्या रूपानं. या ग्रॅव्हिटी वेव्ह. हिंगोलीला लायगो ज्यांच्यासाठी बांधतायत त्या तारकांच्या टकरीतून येणाऱ्या लहरींशी यांचा काही संबंध नाही. हवेचा एखादा भाग वर ढकलला गेला तर तो भोवतालच्यापेक्षा जड ठरतो, खाली येतो, जास्त खाली जातो, परत वर येतो. हे हेलकावे पसरले की लाट झाली. सर्वांत जलद हेलकावा मेसोस्फिअरमध्ये (साधारण ५० ते ९० किलोमीटरच्या थरात) पाच मिनिटांच्या आसपासचा. सर्वांत संथ, आपल्या अक्षांशावर, ४४ तासांच्या आसपासचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळं ही वरची मर्यादा पडते आणि विषुववृत्ताकडे जाल तशी ती वाढते.

वर जाताना हवा विरळ होत जाते, पण लाटेतली ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते. कमी हवेनं तीच ऊर्जा वाहायची तर हेलकावा मोठा व्हावाच लागतो. ढगाच्या माथ्यावर, समजा १२ किलोमीटरवर, सेकंदाला १० सेंटीमीटर इतका किरकोळ वारा त्या लाटेत असेल, तर ९० किलोमीटरवर तो अडीचशे पटींपेक्षा जास्त होतो. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. कुठंतरी ती लाट स्वतःच्या मोठेपणानं फुटते. फुटताना ती ज्या दिशेनं जात होती त्या दिशेचा धक्का तिथल्या वाऱ्याला देऊन जाते. १९६० मध्ये कॉलिन हाइन्स यांनी वरच्या वातावरणातले विचित्र वारे म्हणजे अशा लाटा होत असं मांडलं, आणि पुढच्या वीस वर्षांत हे धक्के अख्ख्या पृथ्वीचं वरचं वातावरण चालवतात हे स्पष्ट झालं. ध्रुवावर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तरी ८५-९० किलोमीटरवर तिथली हवा उणे १३० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत थंड जागा ती, आणि तीही उन्हाळ्यात. कारण लाटांच्या धक्क्यांमुळं तिथली हवा वर उचलली जाते, फैलावते आणि थंड होते. सूर्य एकटाच सगळं ठरवत असता तर हे उलट झालं असतं.

मग जांबोटी? तुमच्या मनात असं असणार, की पावसाळी वारा सह्याद्रीवर धडकतो, त्याच्या लाटा वर जातात, वरून एवढा पाऊस, म्हणजे लाटाही तेवढ्याच मोठ्या. बघा, डोंगराच्या लाटांचा वेग जमिनीच्या मानानं शून्य असतो. डोंगर हलत नाही, लाटही तिथंच उभी राहते. अशी लाट वर जाताना जिथं वाराच शून्य होतो तिथं गिळली जाते. आणि मान्सूनमध्ये नेमकं तेच होतं. खाली दीड किलोमीटरवर समुद्रावरून येणारा पश्चिमेचा जोरदार झोत, १४-१६ किलोमीटरवर पूर्वेचा झोत. मध्ये सहा-सात किलोमीटरच्या आसपास वारा शून्यातून जातो. सह्याद्रीच्या उभ्या लाटांची वाट तिथंच संपते. जून ते सप्टेंबरमध्ये घाट कितीही घुमला तरी त्याच्या लाटा उंच ढगांचा माथासुद्धा ओलांडत नाहीत.

ढगांनी उठवलेल्या लाटांचं वेगळं. त्या चालतात, म्हणून त्यातल्या काही वाऱ्याच्या या चाळणीतून सुटतात. पण पाऊस किती मिलिमीटर पडला याचा लाटेशी फार संबंध नाही. हवा किती जोरात आणि किती उंच उसळली याचा आहे. आमगाव-जांबोटीचा पाऊस बहुधा उथळ ढगांचा. दमट हवा घाट चढते, निवते आणि दिवसरात्र गळत राहते, विजा क्वचितच. त्याच्यापुढं वळवाचा ढग बघा. पाऊस अर्धा तास, पण माथा १२-१५ किलोमीटरवर, गारा, विजा, आणि आतली हवा सेकंदाला दहा-वीस मीटरनं वर चढणारी. गोकाक-सौंदत्तीकडच्या कोरड्या पट्ट्यातला मेमधला एक वळीव, माझ्या मते, लाटा उठवायच्या कामात जांबोटीच्या आठवडाभराच्या झडीला भारी पडेल.

त्या सुटलेल्या लाटांनाही चाळणी आहेच. उन्हाळा आणि पावसाळ्यात २० ते ५० किलोमीटरच्या थरात पूर्वेकडून वारा असतो. पश्चिमेकडे निघालेल्या लाटेचा वेग त्या वाऱ्याशी कुठंतरी जुळतो आणि ती तिथं मरते. पूर्वेकडे निघालेल्या बऱ्याचशा निसटतात. म्हणून वर पोचणारा धक्का एकतर्फी असतो.

आणि निसटलेली लाट सरळ डोक्यावर जात नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण नवे संशोधक इथंच ढगाच्या चित्रावर रडारचा आलेख ठेवून मोकळे होतात. लाट किती तिरकी जाईल हे तिच्या कालावधीवर ठरतं. ढोबळ हिशेब असा: पाच मिनिटांना लाटेच्या कालावधीनं भागा, तो तिचा चढ. पंधरा मिनिटांची लाट तीन किलोमीटर आडवी जाते तेव्हा एक किलोमीटर चढते. म्हणजे ९० किलोमीटर चढेपर्यंत अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर दूर गेली. बेळगावच्या ढगाची लाट सोलापूर किंवा बळ्ळारीच्या आभाळात दिसेल. तासाभराची लाट तर हजार किलोमीटर जाते. तेव्हा कोल्हापूरच्या रडारनं एक तासाचा हेलकावा दाखवला, तर त्याचा ढग बंगालच्या उपसागरावर किंवा अरबी समुद्रात भर मध्यावर कुठंतरी असेल. निपाणी कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि रडारचा झोत रुंद असल्यामुळं त्या बाजूचं आभाळ त्यात थोडंफार येतंही. पण निपाणीत पाऊस पडला म्हणून रडारात लाट दिसली, असं लिहाल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल.

जांबोटीचा पाऊस वर पोचायची मोठी वाट दुसरीच आहे: वातावरणातली भरती-ओहोटी. समुद्रातली चंद्रामुळं, ही मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळं. हवेतली वाफ आणि वरचा ओझोन रोज ठरलेल्या वेळी ऊन शोषतात, आणि उष्ण कटिबंधात दुपार-संध्याकाळी पाऊस पडतो तेव्हा वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. रोज त्याच सुमाराला दिलेला हा झटका २४ आणि १२ तासांच्या लाटा तयार करतो. या एका ढगाच्या नसतात. भारतीय उपखंड, आफ्रिका, इंडोनेशिया, दक्षिण अमेरिका या सगळ्यांच्या पावसाची बेरीज असते, आणि जमीन-समुद्राची मांडणी तिच्यात उमटते. त्या बेरजेत जांबोटीचाही खारीचा वाटा असतो, पण तो वेगळा काढून दाखवता येत नाही.

कोल्हापूरच्या अक्षांशावर २४ तासांची लाट जोरात असते. तिचा जोर २० अंशांच्या आसपास कमाल असतो. तिची उभी लांबी (एका शिखरापासून त्याच्या वरच्या शिखरापर्यंतचं अंतर) साधारण २५ किलोमीटर, म्हणजे शिखर दर तासाला सुमारे एक किलोमीटर खाली सरकताना दिसतं. ऊर्जा वर जात असताना शिखरं खाली उतरतात. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही, पण या लाटांचा धर्मच तो आहे. याचा फायदा घ्या: नोंदी हातात आल्या की आधी शिखर उतरतंय का बघा, मग वाऱ्याचा बाण वेळेबरोबर घड्याळाच्या दिशेनं फिरतोय का बघा. आपल्या गोलार्धात तो तसाच फिरला पाहिजे. उत्तरेकडचा वारा आधी, साधारण सहा तासांनी पूर्वेकडचा. उलटा फिरत असेल तर नवा शोध लावल्याचं जाहीर करण्याआधी दोन रिसीव्हरच्या केबली अदलाबदल झाल्यात का ते विचारा. पावसाळ्यानंतर जोडांत पाणी शिरतं, केबली काढून परत लावतात, तेव्हा असं होऊ शकतं.

राहिला प्रोजेक्ट. बऱ्याच फोनमध्ये दाबमापक असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर, म्हणून इथं दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या जवळपास दिसेल. एक जुना फोन एकाच जागी महिनाभर ठेवून द्या आणि दर दहा मिनिटांनी नोंद घेणारं ॲप चालवा. जागा हलवू नका. एक मजला चढलात तर तिसऱ्या हिश्शाएवढा हेक्टोपास्कल बदलतो आणि तुमची अख्खी लाट एक-दीड हेक्टोपास्कलची आहे. महिन्याची सरासरी काढलीत की सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला दोन शिखरं, पहाटे चार आणि दुपारी चारला दोन दऱ्या, असं चित्र स्वच्छ उभं राहील. ही १२ तासांची लाट.

आता खरा प्रश्न इथं आहे, आणि प्रोजेक्टचा गाभा हाच करा: ऊन तर दिवसातून एकदाच तापतं, मग जमिनीवर १२ तासांची लाट जोरात आणि ९० किलोमीटरवर २४ तासांची का? उत्तराचा धागा उभ्या लांबीत आहे. २४ तासांच्या लाटेची उभी लांबी कमी असल्यामुळं वेगवेगळ्या उंचीवरच्या तापण्याचे परिणाम जमिनीवर एकमेकांना खोडतात. १२ तासांची लाट फार लांब, तिच्यात सगळी तापवणी एका सुरात जोडली जाते. हे गणित एमएस्सीच्या पातळीवर झेपतं.

वरच्या भागासाठी नासाच्या टाइम्ड उपग्रहावरच्या सेबर यंत्रानं मोजलेलं तापमान आहे, २००२ पासूनचं, साधारण १०० किलोमीटरपर्यंत, फुकट. एकच काळजी: त्या उपग्रहाला दिवसाचे सगळे तास बघून व्हायला ६० दिवस लागतात. महिन्याच्या नोंदींवर २४ तासांची लाट बसवली तर ऋतूचा बदलच लाट म्हणून मिळेल.

मधल्या चाळणीसाठी पणजीच्या बलूनच्या नोंदी घ्या. वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहातून त्या कुणालाही उतरवून घेता येतात. जुलै महिन्याचा पूर्व-पश्चिम वारा उंचीनुसार काढा आणि तो कुठं शून्यातून जातो ते रोजच्या रोज टिपा. मग तेच एप्रिलसाठी करा. पहाटे साडेपाचचा आणि संध्याकाळी साडेपाचचा बलून एकत्र करू नका, दोन वेगळ्या फाइली ठेवा. बारा तासांच्या अंतरानं घेतलेल्या नोंदींत २४ तासांच्या लाटेची चिन्हं उलटी येतात आणि सरासरीत ती पुसली जाते.